खुनी माळ म्हणतात ती मीच

मी दीपमाळ बोलतेय. कडेश्वराच्या डोंगरावरची. बार्शी मागं टाकून उगवतीकडं निघालात की बालाघाटाचे बोडके डोंगर लागतात. त्यातल्या एकाच्या माथ्यावर महादेवाचं ठेंगणं देऊळ आहे आणि देवळापुढं मी. खालच्या गावातली पोरं मला 'खुनी माळ' म्हणतात. आयांनी शिकवलंय त्यांना. शिकवू देत. मी दगडाची आहे, शिवी मला लागत नाही. पण खोटं मला सोसत नाही, म्हणून तोंड उघडलंय. ऐकायचं तर शेवटपर्यंत ऐका. निम्मं ऐकून गावभर सांगत सुटणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

माझा जन्म नवसाचा. एका तेल्याला मूल होत नव्हतं, ते झालं, आणि त्यानं मला बांधायला घेतली. पाथरवटांनी याच डोंगराचा काळा दगड फोडला. बुडाशी जाड, वर निमुळती, आणि अंगातून चहूकडं बाहेर आलेले दगडी हात. प्रत्येक हातावर पणती बसेल एवढा खळगा. पाथरवटाची बायको दगड डोक्यावरून वाहायची आणि वाहता वाहता ओरडायची, "प्वार तेल्याला झालं, आन् पाठ माजी मोडली!" जन्मल्याबरोबर मी ऐकलेली ही पहिली भाषा. माझी जीभ तिखट का, असं कुणी विचारलं तर हे त्याचं उत्तर.

दिवे माझ्या अंगावर वर्षातून एकदाच लागत, कार्तिकात, त्रिपुरी पुनवेला. करडईचं तेल, जुन्या लुगड्याच्या वाती. त्या रात्री खालची सगळी वस्ती माना वर करून बघायची. एरवी मग माझ्या पायाला शेळ्या बांधलेल्या, हातांवर ओली धोतरं वाळत घातलेली. कुणी खिळ्यानं अंगावर नाव कोरतंय, कुणी मला हात जोडून दोन पावलं पुढं जातंय आणि माझ्याच आडोशाला पान थुंकतंय. माणसाची भक्ती किती लांबीची असते ते मला नीट ठाऊक आहे. पाठ वळेपर्यंतची.

एक गोजरबाई तेवढी वेगळी. गुरवाची विधवा, मूलबाळ नाही. नवऱ्यामागं देवाची झाडलोट, बेल-पाणी, दिवाबत्ती सगळं तिनं स्वतःच्या हातात ठेवलं होतं. उंच, काटक, तोंडानं फटकळ. पदर खोचून माझ्या हातांवर पाय देत शेंड्यापर्यंत चढायची आणि माझ्याशी भांडायची. "काय गं भवाने, परत कावळ्याला घर करू दिलंस?" गावच्या पाटलाला, आबासाहेबाला, हे कधी रुचलं नाही. बाईनं देवाची दिवाबत्ती करायची म्हणजे काय, असं तो चारचौघांत म्हणायचा. पण काढून टाकायला त्याला कारण मिळत नव्हतं. देवळामागच्या खोलीत ती राहायची; ती दिवाबत्ती गेली की डोक्यावरचं छप्पर गेलं आणि नावही गेलं, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून कुणी बोट दाखवील असं ती काही करत नसे.

आता विमानाचं.

डोंगराखाली सोलापूरच्या महादेवप्पा शेटचा कापसाची सरकी काढायचा कारखाना होता. गाव त्याला जिन म्हणे. जिनामागं ओढा, ओढ्यापलीकडं मोठा सपाट माळ. शेटचा मुलगा सिद्धाराम मुंबईला जाऊन विमान चालवायला शिकला. सन तेहतीस-चौतीसचा सुमार असेल. बापानं पोराला विमान घेऊन दिलं. दोन माणसांचं, एकावर एक दोन पंखांचं, लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं. दिवसाउजेडी ते त्या माळावर एकदा उतरून गेलं, तेव्हा सगळा गाव उन्हातान्हात जमला होता. शेजारच्या वस्तीवरची दगडाबाई माझ्या पायाशी उभी राहून आभाळाकडं बघत म्हणाली, "गोजराक्का, ह्येच्या पोटात मानूस हाय म्हनं."

"आसंल की. माज्या सासूच्या पोटात बी हुता. त्यो बी रातभर आसाच घरघरायचा."

दोघी हसून हसून खाली बसल्या. मीही हसले असते. पोरगं वाईट नव्हतं. एकदा वर आलं होतं तेव्हा माझ्या बुडाशी चपला काढून बसलं होतं, आणि थुंकलं नव्हतं. माझ्याकडं एवढ्यावरच माणसाची परीक्षा होते.

फाल्गुनात जिनात नवं यंत्र बसायचं होतं. सकाळी पूजा, शेट मोटारीनं सोलापुराहून येणार. सिद्धारामच्या डोक्यात आलं की आपण आदल्या रात्री विमानानं यायचं. दिवसा कुणीही येतो, रात्री उतरून दाखवतो! माळावर दिवे लावून ठेवा, दिव्यांच्या खुणेनं उतरतो, असा त्यानं दिवाणजीला निरोप धाडला. श्रीमंताच्या पोराची हौस आणि तिला नको म्हणायला घाबरणारी माणसं. इथपर्यंतसुद्धा मी सोडून देते. हौस कुणाला नसते?

दिवाणजी चनबसप्पा. अक्कलकोटाकडचा, घरात कानडी बोलणारा. आमच्याकडं अर्धा मुलूख कानडी-मराठी एकत्र कालवून बोलतो, त्यात मी कुणाला हसत नाही. पण कानडीत दगडधोंड्याला, शेतामाळाला आपल्यासारखं बाई-बुवा करत नाहीत. त्यामुळं चनबसप्पाच्या मराठीत तो माळ आणि ती माळ एकच. लक्ष द्या इथं. आमच्या गावात 'माळावर' म्हटलं की ओढ्यापलीकडचं सपाट रान. 'माळेवर' म्हटलं की मी.

तो दर्शनाला वर आला. बरोबर आबासाहेब पाटील. गोजरबाई अंगण झाडत होती. तोंडातलं पान एका गालात सारत चनबसप्पा पाटलाला म्हणाला, "पाटील, उद्या रात्री माळेवर दिवे लावायला पाहिजे. साहेबाचा विमान येतो. भरपूर लावायचा. लांबून दिसायला पाहिजे."

पाटलानं माझ्याकडं बघितलं, गोजरबाईकडं बघितलं. "ही हाय की. दिवाबत्ती हिचीच."

"हां हां. कोणी पण लावू दे."

गोजरबाई केरसुणी धरून उभी राहिली. "त्रिपुरी हून गेली की दिवाणजी. आता कंच्या पुनवंचं दिवं? आन् माळेवरच लावायचं न्हवं?"

"किती वेळा सांगायचा बाई! माळेवर, माळेवर!"

आणि तो माझ्याच अंगाला हात टेकून चप्पल घालू लागला. हात माझ्यावर, जिभेवर माझं नाव, आणि डोक्यात ओढ्यापलीकडचं रान. पाटील शेजारी उभा. त्यालाही काही खटकलं नाही. शेटचं काम आहे ना, मग विचारायचं कशाला? मोठ्याचं नाव निघालं की आमच्या लोकांचे कान आधी बंद होतात आणि मान आधी हलते.

दुसऱ्या रात्री आभाळात चंद्र नव्हता. गोजरबाईनं त्रिपुरीला लावायची तसेच, किंबहुना जास्तच दिवे लावले. स्वतःच्या स्वयंपाकाचं तेलसुद्धा माझ्यावर ओतलं. शेटनं सांगितलंय, कमी पडलं तर बोट आपल्यावर येईल, ही धास्ती. मी नखशिखांत पेटले. माझं रूप मला माहीत आहे. त्या रात्री मी देखणी दिसत होते, हे सांगायला मी लाजणार नाही.

मग घरघर आली.

वरून त्या पोराला काय दिसलं असेल? काळाकुट्ट मुलूख आणि त्यात एकच उजेड. खाली चनबसप्पा जिनात पाहुण्यांना जेवायला वाढत होता. माळावर दिवे लागलेत की नाहीत हे ओढा ओलांडून बघायला त्याला वेळ नव्हता. आवाज ऐकून तो बाहेर पळाला असेल तेव्हा माळ अंधारात आणि डोंगराचा माथा पेटलेला. विमानानं माझ्याभोवती एक मोठी घिरटी घेतली. गोजरबाई पदर हलवत होती, हसत होती. पोरगं येतंय म्हणून कौतुक! विमान परत फिरलं, खाली आलं, आणखी खाली आलं. ते माझ्यावर आदळलं नाही, नीट ऐका. माझ्या मागं खिंड आहे, खिंडीपलीकडं दुसऱ्या डोंगराची सोंड. अंधारात ती त्याला दिसली नाही. दगडावर लाकूड मोडल्याचा आवाज झाला, घरघर थांबली, आणि माझ्या हातांवरच्या निम्म्या पणत्या वाऱ्यानं विझल्या.

गोजरबाई कंदील घेऊन अनवाणी खिंडीत उतरली. पोरगं सांगाड्यातून बाहेर निवडुंगात फेकलं गेलं होतं. कमरेखालचं काही शाबूत नव्हतं, पण जिवंत होतं. शुद्धीत होतं. "नीरु," म्हणालं. तिला तेवढं कानडी येत होतं. तिनं पाणी पाजलं, डोकं मांडीवर घेतलं.

"आजी," ते म्हणालं, "माळ कुठाय? इथं माळ होता ना?"

"ही काय बाबा, माळ," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडं बोट केलं.

पोरानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. ते सोलापुरात शिकलेलं, त्याला तो माळ आणि ती माळ यातला फरक कळत होता. ते हसलं. खरं सांगते, हसलं. त्या हसण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला अजून सहन होत नाही.

मग गाव आला. पलिते, कंदील, काठ्या. आबासाहेब पुढं.

"बाज आना कुनीतरी!" गोजरबाई ओरडली. "खाली न्या ह्येला, गाडी जुंपा, बार्शीला न्या!"

कुणी हललं नाही.

"हात लावायचा न्हाय," पाटील म्हणाला. "फौजदार येऊस्तवर जागचं काय बी हलवायचं न्हाय. उद्या आमच्याच हातात बेड्या पडत्याल."

"जित्त्या मानसाचा पंचनामा कसला करताय, आबासायेब?"

"तू गप ग. तुला कायद्यातलं काय कळतंय?"

"कायद्यातलं न्हाय कळत. श्वास चाललाय येवडं कळतंय. चौघं जन धरा की रं! तुमच्या घरचं आसतं तर?"

चनबसप्पाही धापा टाकत वर आला. त्याच्या मनात काय होतं ते मी सांगणार नाही. कुणाच्या मनात शिरायची मला घाण वाटते. दिसलं तेवढं सांगते. त्यानं धन्याच्या पोराचं तोंड बघितलं आणि हातातला कंदील बाजूला वळवला. "पाटील म्हणतो ते बरोबर आहे," तो म्हणाला. "डॉक्टरला माणूस पाठवलाय."

हात लावायचा नाही हा कायदा फक्त माणसाला होता बरं का. विमानाला सगळ्यांचे हात लागले. महिपती नावाचा एकजण विळ्यानं पंखाचं कापड कापत होता. "लई चिवट हाय रं. पेंडीला पोती हुत्याल." दुसऱ्यानं चाक काढलं. तिसरा पत्रा ओढत होता आणि चौथा त्याला म्हणत होता, "माजी बाजू सोड!" तिकडं ओढाताण, आणि इकडं मांडीवर डोकं घेऊन एकटी बाई. मी उंचावरून सगळं बघत होते. उरलेल्या पणत्यांच्या उजेडात. आपल्या उजेडात असलं काही दिसावं याची मला शिसारी आली. देवाशपथ सांगते, त्या रात्री पहिल्यांदा मला वाटलं, विझून जावं.

उजाडायच्या आत सिद्धाराम गेला. डॉक्टर आला तेव्हा पोराच्या तोंडावर गोजरबाईचा पदर होता.

फौजदार आला, आणि त्याच्यामागोमाग महादेवप्पा शेट. जागा दाखवायची म्हणून सगळे माझ्याच अंगणात जमले. शेट माझ्या बुडाच्या चौथऱ्यावर बसला. म्हातारा एका रात्रीत वाळून गेला होता. गोजरबाई समोर उभी, लुगड्यावर त्याच्या मुलाचं रक्त वाळलेलं.

"दिवे इथं कोणी लावले?" फौजदारानं विचारलं.

"म्या लावलं. सांगितलं म्हून लावलं."

"कोणी सांगितलं?"

तिनं चनबसप्पाकडं बोट दाखवलं. चनबसप्पा दोन पावलं पुढं आला. घाम पुसत म्हणाला, "खोटं आहे साहेब. मी साफ सांगितला होता. पाटील साक्षीला आहे. माळेवर दिवे लावा म्हणून सांगितला. जिनच्या मागच्या माळेवर!"

अंगणातल्या सगळ्या माना चनबसप्पाकडं वळल्या.

"ऐकलंसा?" गोजरबाई म्हणाली. तिचा आवाज चढलाही नव्हता. "आत्ता काय म्हनला? माळेवर. जिनामागं कंची माळ हाय, दावा मला. मी जाऊन नमस्कार करते तिला."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकला काढला. पाटील पुढं झाला. "शब्दात पकडू नगंस बाई. दिवाणजी कानडी मानूस. त्येला माळावर म्हनायचं हुतं, समद्यास्नी कळतंय."

"समद्यास्नी कळतंय? मग त्या दिवशी तुमाला का न्हाय कळलं? तुमी बी हितंच हुता की. ही हाय की म्हून तुमीच दावलंसा मला."

दगडाबाई गर्दीत होती, विमान आलं त्या दिवशी पोट धरून हसलेली. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. प्रत्येकजण काहीतरी उकरत होता. आता एकानं तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. मला वाटलं होतं शेट उघडेल. त्याला दोन्ही भाषा येत होत्या. आपल्या दिवाणजीची मराठी तो वर्षानुवर्षं ऐकत होता. त्यानं मान वर करून चनबसप्पाकडं बघितलं. समजलं होतं त्याला. माझ्या अंगाला पाठ टेकून बसला होता तो, त्याचा श्वास अडकलेला मला कळला.

"जाऊ दे," शेट म्हणाला. "तो माझा माणूस आहे."

झालं. एवढ्यावर न्याय झाला. फौजदारानं लिहून घेतलं की गुरविणीनं अडाणीपणानं भलत्या जागी दिवे लावले, त्यामुळं अपघात झाला. कुणी पोराला बाजेवर घातलं नाही, ते कुठंही लिहिलं गेलं नाही. ज्यांच्या घरांत विमानाचं कापड दडवलेलं होतं, त्यांनीच खाली अंगठे उठवले. भाषेची चूक मी चूक मानत नाही. जीभ आहे, वळते, अडखळते. पण 'चुकलं' एवढं म्हणायला ती वळत नाही, तेव्हा मला त्या जिभेची किळस येते.

आबासाहेबाला पाहिजे होतं ते कारण मिळालं. देवळाची किल्ली आणि तेलाचा बुधला त्यानं तिच्याकडून काढून घेतला. ती जेऊरला बहिणीकडं निघून गेली. जाताना रडली नाही. देवळाच्या पायरीवरून म्हणाली, "म्या मारलं म्हना. पर पानी पाजलं कुनी, त्ये बी म्हना." कुणी काही म्हटलं नाही. त्या दिवसापासून मी खुनी झाले, आणि मला लावायचं बंद झालं.

काही वर्षं गेली. शेट थकला. थकल्यावर माणसाला पुण्याची आठवण होते. सिद्धारामच्या नावानं त्रिपुरीला दीपमाळ लावायची असं त्यानं ठरवलं. तेल आलं, पणत्यांची टोपली आली. पण माझ्यावर चढायला कुणी तयार होईना. खुनी ना मी! भुताच्या गोष्टी यांनीच रचल्या आणि आता यांचीच पोरं मला घाबरत होती. शेवटी आबासाहेबानं जेऊरला माणूस धाडून गोजरबाईला बोलावलं.

ती आली. केस पांढरे, पाठ अजून ताठ. अंगणात तीच सगळी माणसं. शेट खुर्चीवर, चनबसप्पा त्याच्यामागं छत्री धरून.

"झालं गेलं इसर, गोजराक्का," पाटील म्हणाला. बघा, आता आक्का! "लाव दिवं. तुजी किल्ली बी तुला, खोली बी तुला."

किल्ली त्यानं खरोखरच पुढं केली. येणाऱ्याजाणाऱ्यांकडून मी ऐकलं होतं, बहिणीच्या सुनेच्या हाताखाली ती तिथं कशी राहत होती. ती खोली तिला हवी होती. मलाही ती हवी होती.

"लावते की," ती म्हणाली. "आदी दिवाणजीनं म्हनावं, मी माळेवर म्हनलो हुतो म्हून. हितं, समद्यांम्होरं. येवडंच."

चनबसप्पानं शेटकडं बघितलं. शेटनं जमिनीकडं बघितलं. पाटील म्हणाला, "आगं, आता त्येचं काय?"

"माजं नाव हाय त्येचं काय."

तिनं वाट बघितली. मीही बघितली. एक वाक्य होतं. न शिकलेल्या माणसालाही येईल असं. कुणाच्या तोंडून ते निघेना. मग तिनं तेलाचा बुधला उचलला, महादेवाच्या पायरीवर ठेवला, माझ्या अंगावरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "तू बी लावून घीऊ नगंस गं." किल्ली पाटलाच्या हातातच राहिली. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या मधून ती डोंगर उतरून गेली.

तेव्हापासून मी अंधारात उभी आहे. लाजून नव्हे, तिनं सांगितलं म्हणून. त्यानंतर दोघा-तिघांनी माझ्यावर पणत्या ठेवून बघितल्या. हा डोंगरमाथा आहे, वारा आमच्या घरचा आहे. एकही टिकली नाही.

दिवा मला नको आहे असं नाही. दीपमाळेला दिवा नको असेल का? त्रिपुरीला लांब कुठल्यातरी देवळाचा उजेड दिसतो तेव्हा माझे दगडी हात रिकामे वाटतात. पण गोजरबाई निर्दोष होती, हे या अंगणात कुणीतरी मोठ्यानं म्हणेपर्यंत मला कुणाचं तेल नको. तुम्ही वर आलात, तर म्हणा. नाही म्हणवलं, तर हात जोडू नका. शेळ्या बांधा, धोतरं वाळत घाला, ते मला चालतं.

जा आता. उतरताना जपून जा, वाटेवर मुरूम सुटलाय. पडलात तर तेही माझ्याच नावावर लिहितील.